अग्रशाळेचं आरक्षण, एक महाद्वार आणि चार उघडी पोर्टं

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थानाचं ऑनलाइन आरक्षण बाहेरून उघडेनासं झालं, ते पुन्हा नीट सुरू करतानाचं हे प्रकरण. नाव देत नाही, आणि ओळख पटू नये म्हणून एकदोन तपशील इकडचे तिकडे केले आहेत. तांत्रिक बाजू मात्र घडली तशीच आहे. मी फोंड्यात नेटवर्कची आणि छोट्या सर्व्हरची कामं करतो. या देवस्थानाचा कुळावीही आहे, म्हणजे ते आमचं कुलदैवत, त्यामुळे ‘जरा येऊन बघून जा’ म्हटलं की नाही म्हणता येत नाही.

पार्श्वभूमी

देवस्थानाची अग्रशाळा, म्हणजे भाविकांना राहायची धर्मशाळा आहे. मुंबई, बेळगाव, कारवारहून कुळावी येतात, एकदोन रात्री राहतात, अभिषेक नाहीतर लघुरुद्र करतात आणि परत जातात. खोल्यांचं आरक्षण आणि सेवांच्या पावत्या यांसाठी एका महाजनाच्या (देवस्थानाच्या सदस्याच्या) मुलाने कॉलेजात असताना पीएचपीत एक ॲप लिहून दिलं होतं. ते कार्यालयातल्या एका जुन्या डेस्कटॉपवर, उबुंटू लिनक्सवर, डॉकरच्या कंटेनरमध्ये (ॲपला वेगळ्या बंद डब्यात चालवणारी सोय) चालत होतं. मुलगा आता बंगळुरूला आहे. ॲप बरं लिहिलेलं आहे, हे आधीच सांगतो. पुढे त्याच्यात दोष निघाले तरी.

त्याशिवाय तीन गोष्टी होत्या: हिशेबाचा विंडोज संगणक, सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारा एनव्हीआर, आणि महाजनांच्या नोंदवहीच्या स्कॅन प्रती ठेवलेलं नेक्स्टक्लाउड (स्वतःच्या यंत्रावरचं फाइलींचं कपाट). चारही गोष्टी बाहेरून लागत. खजिनदार म्हापशाहून रिमोट डेस्कटॉपने हिशेब बघायचे, अध्यक्ष मोबाइलवर कॅमेरे बघायचे, सचिव मुंबईला. म्हणून राउटरवर चार पोर्टं फॉरवर्ड केलेली, म्हणजे बाहेरून थेट त्या यंत्रांपर्यंत जाणारी चार दारं उघडी. रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ तर जसंच्या तसं उघडं. ज्याने केलं त्याला दोष देत नाही. त्या वेळी मागणी होती ‘चाललं पाहिजे’ एवढीच, आणि चालत होतं.

आरक्षणाच्या ॲपला स्वतःच सही केलेलं, म्हणजे ब्राउझरला न पटणारं प्रमाणपत्र होतं. ब्राउझर लाल इशारा दाखवायचा. त्यावर उपाय म्हणून काउंटरच्या काचेवर एक छापील कागद चिकटवला होता: ‘इशारा आल्यास घाबरू नये. ॲडव्हान्स्ड दाबून पुढे जावे.’ भाविकांना आपण काय शिकवतोय ते त्या कागदाकडे बघून मला पहिल्यांदा कळलं.

आणि आत काय होतं? राहणाऱ्यांच्या आधारच्या प्रती. शिवाय लंडनहून, लिस्बनहून येणारे काही कुळावी पोर्तुगीज पासपोर्टवर असतात. परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते, म्हणून त्यांच्या पासपोर्टचे आणि व्हिसाचे स्कॅनही त्याच डिस्कवर.

अडचण

चवथीनंतर इंटरनेटवाल्याने जुनी जोडणी काढून फायबर दिलं. वेग वाढला, आणि दुसऱ्या दिवसापासून बाहेरून काहीच उघडेना. राउटरचा बाहेरचा पत्ता बघितला तर १०० ने सुरू होणारा, दुसरा आकडा ६४ ते १२७ मधला. म्हणजे सीजीनॅट. १००.६४.०.० पासूनचा हा पट्टा २०१२ साली खास याच कामासाठी राखून ठेवला गेला: शेकडो ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे. आपल्या राउटरवर कितीही पोर्टं उघडा, बाहेरचा माणूस तिथपर्यंत पोचतच नाही.

सचिवांचा फोन: ‘माघातली जत्रा तोंडावर आलीय, आरक्षण बंद पडून कसं चालेल?’ माझं उत्तर त्यांना आवडलं नाही. मी म्हणालो, बंद पडलंय हे एका अर्थी बरंच झालं, आता नीट करू. कारण तोवर मी हिशेबाच्या संगणकाची सुरक्षा नोंद उघडून बघितली होती. जुन्या जोडणीच्या शेवटच्या रात्रीत ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ या नावाने लॉगिनचे फसलेले प्रयत्न ओळीने, काही सेकंदांच्या अंतराने, पहाटेपर्यंत. एकही यशस्वी सापडला नाही. पासवर्ड मोठा होता, हे आमचं नशीब.

पर्याय

समितीच्या बैठकीत चार पर्याय ठेवले.

पहिला, वर्षाचे काही हजार देऊन स्थिर सार्वजनिक पत्ता घ्यायचा आणि पूर्वीसारखंच चालू ठेवायचं. खजिनदारांचा कल इकडे होता, कारण त्यांना नवीन काही शिकावं लागणार नव्हतं. मी सरळ विरोध केला.

दुसरा, सगळंच व्हीपीएनच्या (ठरावीक माणसांपुरत्या खाजगी, एन्क्रिप्ट केलेल्या वाटेच्या) आड. सुरक्षिततेच्या दृष्टीने हाच सगळ्यांत भक्कम. पण बेळगावच्या सत्तर वर्षांच्या आजोबांना अभिषेक नोंदवण्यासाठी व्हीपीएन बसवायला सांगणार कोण?

तिसरा, क्लाउडफ्लेअर टनेल. आतून बाहेर जाणारी जोडणी, त्यामुळे सीजीनॅट आड येत नाही, पैसे लागत नाहीत, प्रमाणपत्र त्यांचं. दोन गोष्टींवर मी अडलो. एन्क्रिप्शन त्यांच्या सर्व्हरवर उलगडतं, म्हणजे पासपोर्टचे स्कॅन तिथे क्षणभर का होईना उघडे. आणि फुकटच्या योजनेत एका अपलोडला १०० एमबीची मर्यादा, नोंदवहीचे काही स्कॅन त्याहून मोठे. तरीही सांगतो, सर्व्हर सांभाळायला माणूस नसेल तर मी आजही हाच पर्याय सुचवेन.

चौथा, मुंबईत एक छोटा भाड्याचा सर्व्हर, त्यावर रिव्हर्स प्रॉक्सी, आणि तिथून देवस्थानाच्या कार्यालयापर्यंत वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा. खर्च महिन्याला पाचेकशे रुपये. एन्क्रिप्शन इथेही भाड्याच्या यंत्रावरच उलगडतं, त्यामुळे ‘तिसऱ्यापेक्षा हा पूर्ण खाजगी’ असा दावा मी केला नाही. फरक एवढाच की यंत्राचा ताबा आपल्याकडे.

प्रॉक्सी म्हणजे काय हे मी समजावत असताना समितीतले मुखत्यारकाका म्हणाले, ‘म्हणजे महाद्वारावर राखणदार बसवणार.’ सगळ्यांना पटलं. मला ते खोडावं लागलं. राखणदार आत कोण जातंय ते बघतो आणि नको त्याला अडवतो. रिव्हर्स प्रॉक्सी म्हणजे काउंटरवरचा कारकून. तुम्ही चिठ्ठी देता, तो आत जाऊन काम करून आणतो, तुम्ही आत जात नाही. पण चिठ्ठीत काय लिहिलंय हे तो बघत नाही. चोराची चिठ्ठीही तो तितक्याच आदबीने आत नेऊन देतो. मग फायदा काय? दार एकच राहतं, कुलूप एकाच जागी चांगलं बसवता येतं, कोण आलं गेलं याची नोंद एकाच वहीत होते. बाकीची दारं विटा लावून बुजवली तरच, अर्थात.

बैठकीत खरा वाद पुढच्या प्रश्नावर झाला: बाहेर नक्की काय काय ठेवायचं? मी म्हणालो, फक्त एक. भाविकांचं आरक्षणाचं पान. कॅमेरे, हिशेब, नोंदवही आणि आरक्षणाची कार्यालयीन बाजू, जिथे आधार आणि पासपोर्ट दिसतात, ती सगळी बोगद्याच्या आत; ज्यांना लागतं त्या पाच माणसांच्या फोनवर आणि लॅपटॉपवर वायरगार्ड. सचिव रुसले. ‘मी प्रवासात कुणाच्याही संगणकावरून बघतो,’ असं त्यांचं म्हणणं. ‘कुणाच्याही संगणकावरून’ हे दोन शब्द त्यांनीच उच्चारले आणि अध्यक्षांनी विषय संपवला.

काय केलं

प्रॉक्सीसाठी कॅडी निवडला. एन्जिनएक्स मला जास्त येतो. २००४ पासून आहे, त्याच्यावर माहितीचा डोंगर आहे. पण माझ्यानंतर हे कुणी बघायचं झालं तर त्याला कमीत कमी वाचावं लागावं, असं वाटलं. कॅडीत एका ॲपला तीन ओळी पुरतात: पहिलीत नाव आणि उघडा कंस, दुसरीत ‘रिव्हर्स प्रॉक्सी’ आणि बोगद्यातला पत्ता १०.८.०.२, पोर्ट ८०८०, तिसरीत बंद कंस. फुकट प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टचं ९० दिवसांचं प्रमाणपत्र तो आपणहून आणतो आणि मुदतीआधी आपणहून बदलतो. एक गोष्ट मात्र तो आपणहून करत नाही: ॲक्सेस लॉग, म्हणजे कोण कधी आलं याची नोंद. ते सांगून चालू करावे लागतात, आणि जुन्या फाइली तो ९० दिवसांनी टाकून देतो. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत १८० दिवसांचा आकडा आहे, मी तोच लावला. फाइलींच्या संख्येचीही मर्यादा असते, तीही वाढवली.

वायरगार्ड लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, २०२० मधल्या ५.६ पासून. कार्यालयाचा डेस्कटॉप स्वतःहून मुंबईच्या सर्व्हरला जोडणी करतो, त्यामुळे देवस्थानाच्या राउटरवर एकही पोर्ट उघडावं लागत नाही. दर २५ सेकंदांनी एक छोटं पाकीट जात राहतं, नाहीतर सीजीनॅट ती वाट विसरतो आणि मुंबईहून आलेली विनंती हवेत राहते. भाड्याच्या सर्व्हरवर ८०, ४४३, वायरगार्डचं ५१८२० आणि किल्लीनेच उघडणारं एसएसएच (दुरून सर्व्हर चालवण्याची वाट), एवढंच.

राउटरवरची जुनी चार फॉरवर्डिंग काढली. यूपीएनपी (यंत्रांना आपणहून राउटरवर पोर्ट उघडू देणारी सोय) बंद केलं, कारण एनव्हीआरने त्याच्या जोरावर न विचारता आणखी एक पोर्ट उघडून घेतलं होतं. आयपीव्ही६ ची बाजूही तपासली. सीजीनॅट फक्त आयपीव्ही४ ला झाकतो. आयपीव्ही६ वर प्रत्येक यंत्राला थेट पत्ता मिळू शकतो आणि तिथे राउटरचं फायरवॉल हीच एकमेव भिंत. आमच्याकडे ती चालू होती.

सर्व्हरला डोमेनचं नाव लावलं, प्रमाणपत्र आलं. हातातला चहा संपायच्या आत लॉगमध्ये ओळी दिसू लागल्या: कुणीतरी वर्डप्रेसचं लॉगिन पान शोधतंय, कुणी पासवर्ड ठेवलेली ‘डॉट एन्व्ह’ फाइल मागतंय. नाव तर कुणालाच सांगितलं नव्हतं. पण प्रत्येक प्रमाणपत्राची नोंद सार्वजनिक वहीत होते आणि बॉट ती वही सतत वाचत बसलेले असतात. सगळ्यांना ४०४, म्हणजे ‘असं पान नाही’, मिळत होता. अध्यक्षांना ती स्क्रीन दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘हे पूर्वीही असंच यायचे?’ हो. फक्त तेव्हा कुणी बघत नव्हतं.

जत्रेच्या आधीचा सोमवार

जत्रेच्या खोल्यांचं आरक्षण एका सोमवारी सकाळी नऊला उघडायचं होतं. नऊ वाजून दहा मिनिटांनी कार्यालयाचा फोन वाजू लागला. कुणालाच लॉगिन होईना. ‘फार वेळा चुकीचा पासवर्ड दिला, पंधरा मिनिटांनी प्रयत्न करा.’ अगदी पहिल्यांदाच प्रयत्न करणाऱ्यालाही तेच.

कारण सापडायला मला चाळीस मिनिटं लागली, आणि त्याची लाज वाटते. ॲपमध्ये नियम होता: एकाच पत्त्यावरून पाच चुकीचे पासवर्ड आले की तो पत्ता पंधरा मिनिटं बंद. उत्तम नियम. पण आता ॲपला प्रत्येक भाविक १०.८.०.१ या एकाच पत्त्यावरून येताना दिसत होता, म्हणजे कारकुनाच्या. जगभरात कुणी पाच वेळा चुकलं की सगळं जग बाहेर.

खरा पत्ता प्रॉक्सी विनंतीसोबतच्या ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ या हेडरमध्ये (विनंतीवरच्या नोंदीत) पाठवतो. ॲपला तो वाचायला सांगायचं. फोन वाजतायत, लोक ताटकळलेत, अशा वेळी मी सगळ्यांत जवळचा उपाय केला: कोडमध्येच त्या हेडरमधला पहिला पत्ता उचलायचा. साडेदहाला आरक्षण सुरळीत झालं.

रात्री घरी आल्यावर ते टोचत राहिलं. हेडर म्हणजे पाकिटावर पाठवणाऱ्याने लिहिलेलं नाव. कुणीही काहीही लिहावं. बाहेरून येणाऱ्यांचा खोटा हेडर कॅडी टाकून देतो आणि स्वतःचा लावतो, म्हणून तिकडून धोका नाही. पण प्रॉक्सीला वळसा घालून थेट ॲपपर्यंत कुणी पोचू शकलं तर? दुसऱ्या दिवशी अग्रशाळेच्या पाहुण्यांच्या वायफायला फोन जोडला आणि डेस्कटॉपचा पत्ता, पोर्ट ८०८० टाकलं. आरक्षणाचं पान समोर. तिथून खोटा हेडर बदलत राहिलं की हजार पासवर्ड आजमावता येत होते, कुलूप एकदाही लागत नव्हतं.

डेस्कटॉपवर फायरवॉल होतं आणि त्यात ८०८० बंद होतं, मी स्वतः बंद केलं होतं. पण डॉकर कंटेनरचं पोर्ट उघडताना आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या जाळ्याच्या नियमांत) स्वतःचे नियम लिहितो आणि ते यूएफडब्ल्यूच्या, म्हणजे त्या फायरवॉलच्या, नियमांच्या आधी लागतात. यूएफडब्ल्यू ‘बंद’ म्हणत राहतं, दार उघडंच. हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं असणं आणि त्या दिवशी आठवणं यात फरक आहे.

मग नीट दुरुस्ती केली. कोडमधली ओळ काढली. कंटेनरमधल्या अपाचेला सांगितलं की विनंती १०.८.०.१ वरून आली असेल तरच हेडर मानायचा. ८०८० हे पोर्ट फक्त बोगद्याच्या पत्त्याला बांधलं. आणि पाहुण्यांचं वायफाय कार्यालयाच्या जाळ्यापासून वेगळं केलं, जे खरं तर पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

आणि त्या दुरुस्तीने जूनमध्ये हिसका दाखवला. पहिला पाऊस, गडगडाट, रात्री लाइट गेली, यूपीएस संपला. पहाटे लाइट आली, डेस्कटॉप उठला, पण आरक्षणाच्या पानावर ५०२, म्हणजे प्रॉक्सीला आतून उत्तरच नाही. डॉकर वायरगार्डच्या आधी सुरू झाला होता. बोगद्याचा पत्ता अजून अस्तित्वातच नव्हता, त्यामुळे त्या पत्त्याला पोर्ट बांधता येईना आणि कंटेनर पडून राहिला. लिनक्सवर सगळं सुरू करणाऱ्या सिस्टमडीला ‘आधी वायरगार्ड, मग डॉकर’ हा क्रम एका ओळीत सांगितला. नंतर प्लग काढून, यूपीएसही बंद करून, तीनदा मुद्दाम खात्री केली. कार्यालयातल्या लिपिकाला वाटलं माझं काहीतरी बिनसलंय.

त्याच दिवशी आणखी एक केलं, आणि भाविकांना सगळ्यांत उपयोगी तेच पडलं. ५०२ आला की कॅडी आता मुंबईच्या सर्व्हरवरून एक साधं मराठी पान दाखवतो: ‘कार्यालयात वीज अथवा इंटरनेट नाही, कृपया फोन करा,’ आणि खाली नंबर.

निष्पत्ती

जत्रेचं आरक्षण पार पडलं. हिशेबाच्या संगणकावरचे रात्रभराचे प्रयत्न थांबले. सुरक्षा नोंदीत आता फक्त खजिनदार दिसतात. त्यांना वायरगार्डची सवय व्हायला आठवडा लागला. आता ते म्हणतात हे पूर्वीपेक्षा सोपं आहे, एकच बटण. सचिवांनी अजून माफ केलेलं नाही. काउंटरच्या काचेवरचा कागद काढला, गोंदपट्टीचे डाग राहिलेत.

पुन्हा करायचं झालं तर

प्रॉक्सी बसवण्याआधी ॲपला ती येणार हे सांगेन: पत्ता, आणि एचटीटीपीएस आहे की नाही तेही. या दुसऱ्या गोष्टीने पहिल्या दिवशी तासभर खाल्ला. ॲपला वाटत होतं आपण साध्या एचटीटीपीवर आहोत, म्हणून ते एचटीटीपीएसकडे पाठवायचं, प्रॉक्सी पुन्हा आत आणायची, आणि ब्राउझर गोल गोल फिरायचा.

चाचणी तीन जागांहून करेन: बाहेरून मोबाइल डेटावर, कार्यालयातून, आणि पाहुण्यांच्या वायफायवरून. मी पहिल्या दोन केल्या होत्या.

बदल जत्रेच्या तोंडावर करणार नाही. सोमवारी आरक्षण उघडणार हे माहीत होतं, निदान पाच लोकांना आदल्या आठवड्यात मुद्दाम चुकीचे पासवर्ड टाकायला लावता आले असते.

आणि कागदपत्रांचं आधी बघेन. डोमेन माजी खजिनदारांच्या मुलाच्या नावावर निघालं. नूतनीकरणाच्या ईमेल त्याला जात होत्या आणि तो त्या वाचत नव्हता. ते समितीच्या ईमेलवर आणायला दीड महिना गेला. भाड्याच्या सर्व्हरचं बिल मात्र अजून माझ्या कार्डावरून जातं, पावती दाखवली की खजिनदार पैसे देतात. हे बरोबर नाही, मला कळतं. समितीची निवडणूक दर तीन वर्षांनी होते, नवी समिती आली की तिला हे सगळं कुणीतरी सांगायला हवं. म्हणून सर्व्हरचा पत्ता, किल्ल्या कुठे आहेत, आणि बोगदा बंद पडला तर काय करायचं, हे दीड पानांत लिहून लिफाफा बंद केला आणि कार्यालयाच्या लोखंडी कपाटात ठेवला. मुखत्यारकाकांनी त्यावर तारीख घातली, देवस्थानाचा शिक्का मारला, आणि किल्ली कमरेला लावली.